मिनिटामागे एक सेकंद

बुधवारी दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी नवनाथ ओव्हाळ रांजणगावच्या कंपनीत तपासणीच्या टेबलापाशी उभा होता आणि एका गिअरच्या भोकात मापाचा गेज घालून बघत होता. गेज आत गेला नाही. त्याने गिअर लाल ट्रेमध्ये ठेवला आणि पुढचा उचलला. वेळ त्याला समोरच्या भिंतीवर दिसत होती, कारण मनगटावर काही नव्हते. शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या दालनात, घड्याळ, अंगठी, कडे, गळ्यातली साखळी घालायला मनाई आहे. मशीनमध्ये अडकते, नाहीतर तयार मालावर ओरखडे पाडते. तशी पाटी मराठीत आणि हिंदीत लावलेली आहे. सोळा वर्षे नवनाथ आत शिरताना घड्याळ काढून लॉकरमध्ये ठेवत आला. त्या बुधवारी लॉकरमध्येही घड्याळ नव्हते.

ते होते शेजारच्या मशीनवरच्या हृतिकच्या घरी. जुने लॉन्जिन्स, चावीचे. नवनाथने ते त्याला पंधरा दिवसांपूर्वी विकले होते.

"काका, आठवड्यात अर्ध्या मिनिटाचा फरक," हृतिक म्हणाला. "माझ्या हातात आल्यापासून सुधारलं."

"माझ्याकडं बी तेवढंच होतं."

"मग इकलं कशाला?"

"मोठं घ्यायचंय."

"हे पंचेचाळीस वर्षांचं हाय म्हणला. ते किती वर्षांचं?"

"पन्नास."

"म्हंजी मोठंच हाय की," हृतिक म्हणाला आणि मशीन चालू केले.

नवनाथ त्रेचाळीस वर्षांचा आहे. शिरूरला दोन खोल्यांत राहतो. भारी घड्याळे हा त्याचा एकमेव खर्चिक शौक आहे. खर्चिक हा शब्द माया वापरते. माया त्याची बायको, शिरूरच्याच एका पतसंस्थेत कॅशिअर. नवनाथच्या मते त्यात खर्च असा काही नाही. तो घड्याळ पगारातून घेत नाही, आधीच्या घड्याळातून घेतो. वडिलांच्या एचएमटीतून जुने सेको आले, सेकोतून टिसॉ, टिसॉतून लॉन्जिन्स. मधली तूट ओव्हरटाइममधून भरायची. वडिलांची आठवण विकली का, असे लोक विचारतात. वडील, म्हणजे खंडू ओव्हाळ, तेव्हा जिवंत होते आणि गिऱ्हाईक त्यांनीच आणले होते.

नवे घड्याळ त्याने आयुष्यात घेतलेले नाही. दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत नव्या घड्याळाची किंमत नव्या मोटारसायकलसारखी खाली येते, हे त्याला पहिल्या वर्षीच कळले. तो जुनी शोधतो: निवृत्त झालेल्या बँकेच्या साहेबाच्या कपाटातले, दौंडच्या एखाद्या डॉक्टरच्या ड्रॉवरमधले, मुलांनी स्मार्टवॉच घेतल्यावर पडून राहिलेले. श्रीमंत माणूस घड्याळ घेतो, नवनाथ तेच तीस वर्षांनी घेतो. घड्याळाला त्याचे काही वाटत नाही.

लोकांनाही वाटत नाही. हायवेच्या कडेला चादरीवर चारशे रुपयांत कुठल्याही नावाचे, सोन्याच्या रंगाचे घड्याळ मिळते. कंपनीच्या बसमधल्या बहुतेकांची समजूत आहे की नवनाथचेही तिथलेच. तो समजूत दूर करत नाही. कोणी किंमत विचारली तर म्हणतो, जुनं हाय. कोणी कुठं घेतलं विचारले तरी म्हणतो, जुनं हाय. एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते.

मायाचा नियम एकच आहे: घरात एका वेळी एकच घड्याळ. सहा वर्षांपूर्वी, नफ्यावर विकायला घेतलेली धरून, चार झाली होती. चारींना रोज चावी देणे नवनाथला जमत नव्हते, त्यामुळे चार घड्याळांत चार वेळा असायच्या. एके सकाळी मायाने किती वाजले म्हणून विचारले आणि नवनाथने "कशात?" असे विचारले. त्या दिवसापासून नियम लागू आहे.

आता जे मोठे घड्याळ घ्यायचे होते ते खुटबावला होते. ओमेगा, स्टीलचे, चावीचे. डायल मुळात दुधाळ होती, आता गुळाच्या पाकासारखी झाली आहे. पण कोणी पुन्हा रंगवलेली नाही, आणि जुन्या घड्याळाची निम्मी किंमत त्यातच असते. ते हौसराव आप्पांच्या हातात १९७६ सालापासून आहे. जहाजावर नोकरीला असलेल्या एका पाहुण्याने ते आणले, आप्पांनी ते त्याच्याकडून जागच्या जागी घेतले. आप्पांची जमीन रेल्वेलाइनला लागून. एका सहकारी साखर कारखान्याचे ते दोन वेळा संचालक होते. त्यांच्या उसात खुरपायला जाणाऱ्या बायांत नवनाथची आई ताईबाई होती, आणि शाळेला सुट्टी असली की बांधावर नवनाथ. त्याने पाहिलेले पहिले भारी घड्याळ ते हे. हे कारण तो कोणाला सांगत नाही. विचारले तर डायलबद्दल बोलतो.

आप्पा ते विकायला तयार झाले त्याचे कारण वाटणी. वय ब्याऐंशी. मुलगा गेला, त्याची दोन मुले, स्वराज आणि वैष्णवी. आप्पांनी हयातीतच सगळे वाटून टाकायला घेतले. जमीन झाली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या झाल्या, बायको सरूबाईंच्या माघारी राहिलेले दागिने झाले. घड्याळ एकच. ते विकून पैसे दोघांत, असे ठरले.

पण ते विकले जाईना. आधी दोन गिऱ्हाइके आली आणि दोन्ही आप्पांनी ओसरीवरून परत पाठवली. दोघांनी एकच गोष्ट सांगितली होती: घड्याळ मागे पडते. आप्पांचे म्हणणे, फॉरिनचे घड्याळ मागे पडत नाही. ज्याला ते चुकीचे वाटते त्याला ते द्यायचे नाही.

दोघांचे म्हणणे बरोबर होते. नवनाथला हे न जाता कळले होते. स्वराजने त्याला घड्याळाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ पाठवला होता. नवनाथने शेजारी मायाच्या फोनवरचे स्टॉपवॉच लावून पाहिले तेव्हा पाच मिनिटांत काटा पाच सेकंद कमी चालला. मिनिटामागे एक सेकंद, म्हणजे दिवसाला चोवीस मिनिटे. अशी घड्याळे त्याने पाहिली आहेत. आत कधी पाणी गेलेले असते, तेल वाळलेले असते, कोणीतरी अर्धवट उघडून बंद केलेले असते. दुरुस्त होते. त्याची त्याला काळजी नव्हती.

तीनला पाळी सुटली. बसमध्ये बसतो तोच स्वराजचा फोन आला. आजोबांना तो आबा म्हणतो.

"नवनाथ काका, उद्या येताय ना? पैसे तयार?"

"तयार हायत." लॉन्जिन्सचे आणि वरचे मिळून पंचेचाळीस हजार मायाच्या कपाटात होते.

"एकच काम करा. आबा इचारतील, कसं चालतंय. तुम्ही म्हणायचं, बरोबर हाय. बास. त्यात तेल, पाणी, सर्व्हिसिंग काय काढू नका."

"न्हाई काढत."

"आन् तुमच्या आईला घेऊन या म्हणत्यात."

"आईला कशाला?"

"तवाच्या बायांपैकी आता गावात त्याच राहिल्यात. आबांना कुणीतरी जुनं माणूस पाहिजे ऐकायला."

नवनाथ फोन खिशात ठेवून खिडकीबाहेर बघत बसला. बरोबर आहे, एवढे दोन शब्द बोलायचे होते. कंपनीत तो दिवसाला काही शे नगांबद्दल ते बोलतो.

गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. सकाळी नवनाथ शिरूरहून न्हावरा, पारगावचा पूल, केडगाव असा मोटारसायकलने खुटबावला पोचला. ताईबाई समाजमंदिरामागच्या आपल्या घरकुलात एकटीच राहते. शिरूरला तिला करमत नाही. ती ठेवणीतले लुगडे नेसून दारात उभी होती.

"आये, तिथं तू काय बोलू नको," गाडीला किक मारायच्या आधी नवनाथ म्हणाला.

"मी कशाला बोलू? मला च्याला बोलावलंय."

"आप्पा घड्याळाचं इचारतील. मी सांगणार, बरोबर हाय."

"हाय का बरोबर?"

"न्हाई."

ताईबाईने डोक्यावरचा पदर नीट केला. "मग मी च्या पिते," ती म्हणाली आणि मागे बसली.

आप्पा ओसरीवर वाटच बघत होते. धोतर, नेहरू शर्ट, आणि डाव्या हातात घड्याळ. पट्ट्याच्या दोन कड्या काढूनही ते मनगटावर राहत नव्हते. हात वर केला की कोपराकडे जायचे, खाली केला की तळव्याकडे.

"राम राम, ताईबाई."

"जय भीम, आप्पा."

पन्नास वर्षे दोघे एकमेकांना हेच म्हणत आले आहेत आणि दोघांनीही आपले सोडलेले नाही. स्वराजने खुर्च्या मांडल्या. ताईबाई पायरीवर बसायला लागली. नवनाथने खुर्ची तिच्यामागे सरकवली तेव्हा ती खुर्चीवर बसली.

चहा आला. आप्पांनी घड्याळ काढून नवनाथच्या हातात दिले. त्याने खिशातले भिंग डोळ्याला लावले, डायल पाहिली, काटे पाहिले, मागचे झाकण पाहिले. झाकणावर जुन्या ओरबाड्याच्या दोन खुणा होत्या. पक्कड लावून कोणीतरी एकदा उघडले होते. चावीचे बटण मूळचे होते. त्याला घड्याळ आवडले. तोंडावर त्याने ते दिसू दिले नाही, कारण सौदा व्हायचा होता.

"पुण्याचा एक आला व्हता," आप्पा म्हणाले. "खिशातनं फोन काढला आन् मला म्हणतो, आजोबा, हे मागं पडतंय. मी म्हणलं, बाबा, तुझा फोन पुढं पळतोय."

"आबा रोज लावत्यात ते," स्वराज मध्येच म्हणाला. "संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या की चावी द्यायची आन् काटं सातवर."

"मग? घड्याळ म्हणलं की रोज चावी आन् रोज लावायचं. पहिला रेडिओ व्हता, आता टीव्ही हाय. एक दिवस चुकवला न्हाई."

काटे सातवर आणण्याआधी ते कुठे असतात, हे आप्पांनी बहुधा कधी पाहिले नव्हते. बातम्यांचे संगीत सुरू झाले की त्यांचा अंगठा बटणावर जायचा. म्हैस धारेला येते तसे घड्याळ लावायला येते, अशी त्यांची धारणा होती.

"बोल नवनाथ," आप्पा म्हणाले. "तू कंपनीत मापं बघतो म्हणत्यात. कसं चालतंय?"

स्वराज नवनाथकडे बघत होता. ताईबाई बशीकडे बघत होती.

"बरोबर हाय, आप्पा."

"मोठ्यानं बोल. तुझ्या आईला ऐकू जाऊ दे."

"बरोबर हाय."

आप्पांनी मांडीवर थाप मारली. स्वराजने सोडलेला श्वास ओसरीभर ऐकू आला. नवनाथने शर्टाच्या आतल्या खिशातल्या पाकिटाला हात लावला. आता पैसे द्यायचे, घड्याळ घालायचे आणि उठायचे, एवढेच उरले होते. पण आप्पांना उठायचे नव्हते. त्यांनी खुर्ची ताईबाईकडे वळवली.

"ऐकलंस, ताईबाई? एकोणनव्वद साली कारखान्याचा व्हाइस चेअरमन कोण व्हायचा ठरलं व्हतं?"

"तुम्ही, आप्पा."

"मी. पुण्यात बैठक. जीप नेमकी दुरुस्तीला. मी म्हणलं, पाचची पॅसेंजर पकडू. पावणेपाचला टेशनात पाय ठेवला. गाडी गेलेली! टेशनमास्तर म्हणतो, वेळंवर गेली. मी त्याला हे दाखवलं," आप्पांनी रिकामे मनगट पुढे केले. "म्हणलं, ओमेगा हाय. रेल्वे आधी पळवली तुम्ही. ऐकतोय कुठं. तिकडं पुण्यात माणूस आला न्हाई म्हणून दुसऱ्याचं नाव घातलं. माझी खुर्ची रेल्वेनं घालवली."

ही हकिकत खुटबावमध्ये सगळ्यांना पाठ आहे. गाडी उशिरा आल्याची तक्रार करणारी माणसे दौंड तालुक्यात पुष्कळ सापडतील. ती लवकर येते अशी तक्रार आयुष्यभर करणारे आप्पा एकटेच.

"आन् तुम्ही बाया," आप्पा आता रंगात आले होते. "गाडी दिसली की खुरपं टाकायच्या. मी ओरडतोय, अजून पाच वाजलं न्हाईत! तुम्ही म्हणायच्या, गाडी आली. सगळ्या शिवारात तीच रीत, मला एकट्याला धरून ठेवता येईना. रोजची वीस मिनिटं गेली माझी. तवा मी सांगायचो ते कुणाला पटलं न्हाई. आज तुझ्याच पोरानं सांगितलं. बस्स, एकदा तू तुझ्या तोंडानं म्हण. गाडी आधी यायची."

ताईबाईने बशी खाली ठेवली. नवनाथने तिच्याकडे पाहिले. तिने नवनाथकडे पाहिले नाही.

"गाडी टायमावर यायची, आप्पा."

"काय?"

"गाडी टायमावर यायची. तुमचं घड्याळ मागं असायचं. पयल्यांदा न्हवतं. पाटात पडलं तुमच्या हातातनं, पाणी गेलं त्यात, तुम्ही पुण्याहून नीट करून आणलं, तवापास्नं. समद्या बायांना म्हाईत व्हतं."

स्वराज आत जायला निघाला होता, तो उंबऱ्यातच थांबला.

"मग बोलला का न्हाई?" आप्पांनी विचारले.

"बोललो असतो तर तुम्ही नीट केलं असतं."

"व्हय, केलंच असतं!"

"मग सकाळी काय करायचं?" ताईबाई म्हणाली. "सकाळी आठला बांधावर उभं राहायचा तुम्ही. उशीर झाला की अर्धा रोज. पर तुमच्या घड्याळात आठ वाजायला खरं सव्वाआठ व्हायचं. चूल, पोरं, पाणी, समदं करून निवांत यायचो. सकाळी तुमच्या घड्याळावर आन् संध्याकाळी गाडीवर. दोन्ही बाजूनं बरं व्हतं."

हे नवनाथलाही माहीत नव्हते. त्याच्या तळहातात घड्याळ टिकटिकत होते आणि त्याचा आवाज ओसरीवर एकदम मोठा वाटू लागला.

आप्पांनी खुर्ची परत नवनाथकडे वळवली.

"तुझी आई खरं बोलती का तू?"

स्वराज आप्पांच्या मागे उभा होता. त्याने हाताने नवनाथला खूण केली. खुणेचा अर्थ 'तुम्ही' असा होता. म्हातारीला काय आठवतंय, एवढे वाक्य पुरले असते. घड्याळ हातात होते, पैसे खिशात होते, आणि आधीचे घड्याळ विकून झाले होते. नवनाथने घड्याळात पाहिले. अकरा वाजून तीन मिनिटे. त्याने फोनमध्ये पाहिले. अकरा वाजून एकोणीस.

"आई," तो म्हणाला.

आणि फोन आणि घड्याळ शेजारी शेजारी धरून आप्पांसमोर केले. आप्पांनी चष्मा वर केला, खाली केला. दोन्हींकडे पाहिले.

"कालच सातला लावलंय," ते म्हणाले.

"तासाला एक मिनिट जातंय, आप्पा. सोळा तास झालं, सोळा मिनिटं."

"मगाशी बरोबर म्हणला."

"घ्यायचं व्हतं म्हणून म्हणलो."

आप्पांनी मान हलवली; हे कारण त्यांना समजण्यासारखे होते. संचालक मंडळात त्यांनी अशी पुष्कळ ऐकली होती. ते ताईबाईकडे वळले, आणि आता त्यांचा आवाज सभेतला नव्हता.

"मग त्या दिवशी पॅसेंजर टायमावर आलती?"

"मी टेशनावर न्हवते, आप्पा. मी तुमच्याच उसात व्हते," ताईबाई म्हणाली. "पर त्या दिवशी बी आम्ही गाडीवरच घरी गेलो."

वैष्णवीसाठी गव्हाचे पोते न्यायला आलेला टेम्पोवाला फाटकातून हॉर्न देत होता. कोणी उठले नाही म्हणून त्याने पुन्हा दिला. स्वराज जाऊन पोते देऊन आला तरी आप्पा तसेच बसले होते. मग त्यांनी हात पुढे केला. नवनाथने घड्याळ त्या हातावर ठेवले.

"न्हाई इकायचं," आप्पा म्हणाले.

"आबा, मग वाटणी?" स्वराजने विचारले.

"माझ्यामागं. चुकीचं म्हणणाऱ्याला द्यायचं न्हाई, असं मी बोललोय. बोललो ते बोललो. मी गेल्यावर ह्यालाच द्यायचं, ठरलेल्या पैशात. चार माणसांत सांगतोय."

ऐकणारी माणसे मोजून तीन होती, पण कोणी दुरुस्ती केली नाही.

"आप्पा, मी ते साफ करून आणतो," नवनाथ म्हणाला. "शिरूरला आमचे आण्णा हायत घड्याळवाले. तेल टाकलं की चालंल बरोबर. पैसं नको मला."

"उघडायचं न्हाई. एकदा उघडलं, त्यात माझी खुर्ची गेली." आप्पांनी घड्याळाचे बटण बाहेर ओढले. "किती वाजलं म्हणला?"

"अकरा सव्वीस."

आप्पांनी काटे फिरवले, बटण दाबले, घड्याळ मनगटात घातले आणि हात खाली सोडला. ते तळव्यापर्यंत घसरले.

"झालं बरोबर," ते म्हणाले. "आता तू एक करायचं. उद्यापास्नं रोज पावणेपाचला मला फोन करायचा आन् खरी वेळ सांगायची. मी लावीन. पाचला ते बरोबर पाहिजे."

"टीव्हीवर बी दिसती वेळ, आबा," स्वराज म्हणाला. "मी सांगीन की."

"तू मला महिनाभर म्हणतोय, आबा, बरोबर हाय घड्याळ. तू गप बस." आप्पा नवनाथकडे वळले. "करशील का?"

नवनाथने विचार केला. पहिल्या पाळीच्या आठवड्यात जमणार होते. दुसऱ्या पाळीत पावणेपाचला तो शॉपमध्ये असतो, फोन लॉकरमध्ये. तसे त्याने सांगितले.

"मग त्या आठवड्यात तुझ्या बायकोनं करायचा," आप्पा म्हणाले. "पतसंस्थेत हाय न्हवं ती? मग बरोबर सांगंल."

परतताना समाजमंदिरापाशी उतरल्यावर ताईबाई म्हणाली, "गेलं व्हय रं घड्याळ?"

"गेलं."

"मी गपच व्हते. आप्पाच कबूल कर म्हणला म्हणून बोलले."

"व्हय."

"लबाडी त्यानं केली न्हाई कधी, तेवढं खरं. रोजाचं पैसं टायमात द्यायचा. फकस्त टायम चुकीचा व्हता." ती घराच्या दिशेने चार पावले गेली आणि वळली. "जेवून जातोस का? बाजरीची भाकर हाय."

नवनाथ जेवून निघाला.

घरी मायाने आधी त्याच्या मनगटाकडे पाहिले, मग हातातल्या पाकिटाकडे. त्याने ओसरीवरचे सगळे सांगितले, स्वतः आधी काय बोललो तेही. ती मध्येच एकदा हसली, तेही सकाळी घड्याळावर आणि संध्याकाळी गाडीवर, या ठिकाणी.

"म्हंजी पैसं हायत आन् घड्याळ न्हाई," ती म्हणाली. "आपलं लगीन झाल्यापास्नं पहिल्यांदाच."

"एखादं साधं बघू का तवर? सेको हाय एक दौंडला."

"बघा की. पर मग ओमेगा आलं की ते इकायचं. घरात एकच." तिने पाकीट घेतले आणि नोटा मोजायला बसली, घरीही ती दोनदा मोजते. "न्हाईतर हे ठेवीत टाकते. व्याज तरी मिळंल. किती वर्षांची करू?"

नवनाथ हिशेब करू लागला. आप्पा ब्याऐंशी वर्षांचे आहेत, साखर आहे, गुडघे दुखतात, बाकी तब्येत चांगली आहे. एक वर्ष म्हणावे तर वाईट दिसत होते, आणि पाच म्हणावे तर मनातून बरे वाटत नव्हते.

"कवाबी मोडता येईल अशी कर," तो शेवटी म्हणाला.

मायाने त्याच्याकडे पाहिले आणि पाकिटावर तारीख घातली. मग तिने फोन घेऊन त्यात रोजच्या पावणेपाचचा गजर लावला, आणि नवनाथच्या फोनमध्येही लावला. पाळी बदलली तरी चुकायला नको, असे तिचे म्हणणे.

उद्या शुक्रवार, नवनाथची पहिली पाळी. ती तीनला सुटते आणि कंपनीची बस पावणेचारच्या सुमारास शिरूरला येते. एका तासाने त्याला खुटबावला फोन लावायचा आहे.